डाव्या बाजूचा आवाज

६ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पत्र लिहायची वेळ माझ्यावर का आली ते आधी सांगते. साथ आली म्हणून तुमच्या हॉस्पिटलने भेटी बंद केल्या. मग फोन हातोहात फिरतात, त्यांच्यावर जंतू बसतात म्हणून तुम्हा सगळ्यांचे फोन कपाटात गेले. काल ऑफिसात फोन लावून तुझी चौकशी केली तर तिथली मुलगी म्हणाली, "पेशंट स्टेबल आहे." मी विचारलं, जेवतो का? "स्टेबल आहे." झोपतो का? "स्टेबल आहे, आजी." एका शब्दावर अख्खी नोकरी करणाऱ्या मुलीशी बोलण्यापेक्षा पोस्टाचं तिकीट बरं.

तू गेल्यापासून गल्ली शांत आहे. काल समोरचा शिंपी खालून ओरडून विचारत होता, "भाऊ कधी येणार? नाक्यावर पोलिसाला काय सांगायचं ते आता कोण सांगणार?" तू गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाक्यं पुरवत होतास ("औषध आणायला चाललोय म्हण! जरासा खोक! एवढा नको!"), तेव्हा तक्रार करायला हाच पहिला आला होता.

जन्मभर नाटक कंपनीत विंगेत बसून नटांना त्यांची विसरलेली वाक्यं पुरवलीस. कंपनी बंद पडली म्हणून गल्लीला पुरवू लागलास, इथवर मी काही बोलले नाही. पण शेवटी तू पोलिसालाही त्याची वाक्यं द्यायला लागलास, आणि ती न जेवता, न झोपता द्यायला लागलास. तेव्हा मी सही केली आणि तुला तिथे पोचवलं. त्याचं मला वाईट वाटत नाही. दर काही वर्षांनी तुला हे होतं आणि गोळ्या घेतल्या की उतरतं, हे तुलाही ठाऊक आहे.

आता कामाचं. वीस जुलैला मंडळ बसणार आहे. एक निवृत्त न्यायाधीश, एक बाहेरचे डॉक्टर, एक समाजसेविका. तुला घरी सोडायचं की आणखी सहा महिने तिथेच ठेवायचं ते हे तिघं ठरवणार. तोवर शहाण्यासारखा वाग. हे वाक्य कुठल्या पत्त्यावर पाठवते आहे ते लक्षात आलं, पण खोडाखोड मला आवडत नाही.

तुझी,
ताई


१३ जून

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

"शहाण्यासारखा वाग" हे मी वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या.

तुझं पत्र दोन दिवस दोरीवर वाळत होतं. जंतू मरावेत म्हणून इथे सगळी पत्रं चिमटे लावून धुण्यासारखी टाकतात. शेजारी कुणाच्या तरी बायकोचं पत्र होतं, ते वाऱ्याने उलटं झालं. तिला माहेरी का जायचंय ते आता नवऱ्याखेरीज सगळ्यांना माहीत आहे.

आलेल्या प्रत्येकाला आधी एका खोलीत कोंडतात. नाकात काडी घालतात आणि अहवाल येईपर्यंत बाहेरून कडी. खोलीचं नाव 'शांत खोली'. आत माणूस दार बडवत असतो, बाहेर पाटी शांत. दिवा सतत चालू, खिडकीला पत्रा, घड्याळ नाही. पूर्वी ती फक्त फारच बिथरलेल्या माणसासाठी होती म्हणतात, आता शिंकही पुरते. मी राहून आलो. काळजी करू नकोस.

खरी मजा मोठ्या डॉक्टरांची. ते वॉर्डात येत नाहीत. सलाइनच्या दांडीला एक टॅब बांधलाय, त्यात त्यांचं डोकं. सिस्टर दांडी ढकलत पलंगापलंगाशी नेतात. दांडीचं एक चाक अडकतं, म्हणून डोकं कुरकुरत येतं आणि विचारतं, "आज कसं वाटतंय?" आता लटकत्या डोक्याला माणूस काय सांगणार? गप्प बसलं तर 'प्रतिसाद नाही'. घाबरत बोललं तर 'गोंधळलेला'. दोन्हीला सुई.

माझ्या शेजारी भूमितीचे सर आहेत. फार उदास माणूस, पण चादरीचे कोपरे असे दुमडतात की मोजून घ्यावेत. बुधवारी डोक्याने त्यांना विचारलं, "आज वार कोणता?" सर रडायलाच लागले. इथे वार कुणाच्या लक्षात राहतो गं? मला राहवलं नाही. चादरींची गाडी उभी होती, तिच्यामागे बसलो आणि वार पुरवला. सर म्हणाले, "बुधवार." डोकं खूश. तेव्हापासून राउंडच्या वेळी माझी जागा गाडीमागे. डाव्या बाजूला, कंपनीत बसायचो तशीच. सगळा वॉर्ड आता फाडफाड उत्तरं देतो. पंतप्रधान कोण, शंभरातून सात गेले की किती, सगळं.

एक निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांना वाटतं, टपाल वाटायचं राहिलंय. ते उठून दाराकडे निघतात. दाराकडे गेलं की पट्टे. मनगटांना दोन, कमरेला एक, पलंगाला बांधून टाकतात. आधी हसऱ्या सिस्टर त्यांचा हात धरून व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून आणायच्या, टपाल वाटून झालं म्हणायच्या, की ते झोपायचे. हसऱ्या सिस्टर सध्या रजेवर आहेत. ताप आलाय.

गोळ्या घेतो. झोपतो. स्टेबल आहे, आजी.

तुझा,
धाकटा


१९ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

गाडीमागून उठ. ताबडतोब.

ते हॉस्पिटल आहे, तुझ्या कंपनीचा दौरा नाही. डॉक्टर प्रश्न विचारतात ते माणसाचं डोकं कसं चाललंय ते पाहायला. तू दुसऱ्याचं डोकं चालवून दाखवलंस तर त्यांना कुणाचं डोकं कळणार? परीक्षेत कॉपी पुरवणाऱ्या मुली माझ्या वसतिगृहात होत्या. त्यांनाही वाटायचं की आपण समाजसेवा करतोय.

आणि दुसऱ्यांची वाक्यं पाठ करण्यापेक्षा स्वतःची कर. मंडळापुढे तुला एकट्याला बोलायचं आहे, पुढे बसून. शाळेच्या नाटकात तुला एक वाक्य होतं, "महाराज, शत्रू चाल करून येतोय." तू उभा राहिलास तो राहिलासच. शेवटी शत्रू स्वतःच आला, तरी तू गप्प. त्या दिवशी तू विंगेत गेलास तो परत पुढे आला नाहीस. माझी काळजी तुझ्या आजाराची नाही, ह्याची आहे. तीन माणसं तुझ्याकडे बघत असताना तू तोंड उघडलं नाहीस, तर ते 'प्रतिसाद नाही' लिहितील आणि सहा महिने ठेवून घेतील.

पोस्टमनना पट्टे लावतात ते वाचलं. काही कारण असेल. मला इथे बसून कळत नाही, तेव्हा बोलत नाही.

तुझी,
ताई


२७ जून

मा. महोदया,

आपल्या बंधूंच्या प्रकृतीबाबत कळविणे आवश्यक झाले आहे.

गेल्या पंधरवड्यात आमच्या पुरुष वॉर्डातील सहा रुग्णांमध्ये एक नवे लक्षण आढळले. प्रश्न विचारल्यावर रुग्ण थांबतो, त्याची मान किंचित डावीकडे कलते, काही ऐकल्यासारखे करतो आणि मग उत्तर देतो. चौकशी केली असता सहाही जणांनी स्वतंत्रपणे सांगितले की मागून, डाव्या बाजूने, एका पुरुषाचा आवाज काय बोलायचे ते सांगतो. दिलेली उत्तरे अचूक असतात, ही बाब विशेष चिंताजनक आहे. साथीच्या विषाणूचा हा मेंदूवरील परिणाम असावा असे माझे मत असून त्यावर मी निबंध लिहीत आहे. सहाही रुग्णांची औषधे वाढविली आहेत.

त्यांपैकी एक निवृत्त पोस्टमन तपासणी चालू असताना मागे वळून "जरा मोठ्याने बोल की रे!" असे ओरडले. त्यांना सुरक्षिततेसाठी बांधावे लागले. पुढे दोन दिवसांनी आपले बंधू पडद्यासमोर आले व "तो आवाज मीच आहे" असे पुनःपुन्हा सांगू लागले. इतरांच्या मनातील आवाज आपणच आहोत ही समजूत मोठेपणाच्या भ्रमात मोडते. तसे त्यांना समजावले असता त्यांनी "उद्यापासून तुमचीही वाक्यं बंद" अशी धमकी दिली आणि मी ज्यावर होतो ती दांडी धरून हलविली. सबब त्यांना शांत खोलीत ठेवून पट्टे लावले आहेत. त्यांना खोकलाही आहे.

मंडळापुढे मी मुदतवाढीची शिफारस करणार आहे. आपल्या माहितीसाठी सविनय सादर.

आपला,
प्रमुख डॉक्टर


२८ जून

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

अक्षर सिस्टरांचं आहे, दचकू नकोस. हात जरा दुखतोय म्हणून मी सांगतो, त्या लिहितात. आपल्याला ही पद्धत सोयीचीच.

मी मजेत आहे. खोली स्वतंत्र मिळाली, कंपनीत असताना फक्त नायकाला मिळायची. दिवा सतत चालू असल्यामुळे विजेची आपल्याला कमतरता नाही. डॉक्टरांना मी खरं सांगून पाहिलं. त्यांना ते पटलं नाही. खरं पटवायचं असेल तर संवाद चांगला लिहिलेला लागतो, मी फक्त पुरवणारा.

एक काम कर. यापुढे पत्रावर तारखेबरोबर वारही लिहीत जा.

तुझा,
धाकटा

ताई, मी लिहिणारी सिस्टर. त्यांनी सांगितलं ते सगळं लिहिलं, आता माझं लिहिते. हात दुखत नाहीत, बांधलेत. वॉर्डात पट्ट्यांचा एकच जोड उरलाय, बाकीचे तुटले. तो पोस्टमनकाकांना लावलेला होता, त्यांची मनगटं सुजली होती. काढा म्हणून यांनी दोन दिवस सांगून पाहिलं. मग मला विचारलं, "जोड एकच ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर यांनी जाऊन दांडी हलवली. जोड काकांचा काढून यांना लावावा लागला. मीच लावला. मला ते आवडत नाही, पण आमच्यातल्या निम्म्या आजारी आहेत, एवढा वॉर्ड आणि मी एकटी. हात कमी पडले की पट्टे बाहेर काढले जातात, ताई. हसऱ्या सिस्टर मंगळवारी गेल्या. यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.


शुक्रवार, ३ जुलै

मा. प्रमुख डॉक्टर यांस,

तुमचा निबंध छापायला गेला नसेल तर थांबवा.

तुमच्या सहा रुग्णांना मागून, डाव्या बाजूने, एका पुरुषाचा आवाज ऐकू येतो, कारण त्यांच्या मागे, डाव्या बाजूला, एक पुरुष बसलेला असतो. तो माझा भाऊ. चादरींच्या गाडीआड बसून तो त्यांना उत्तरं पुरवतो. आयुष्यभर त्याने हेच काम केलं, कंपनीत त्याचं टोपणनावही 'खुसफुस' आहे. उत्तरं अचूक असतात याची चिंता करू नका, तो पहिल्यापासून हुशार आहे. त्याने तुम्हाला खरं सांगितलं आणि तुम्ही त्याला त्यासाठी बांधलंत. खोटं सांगितलं असतं तर बहुधा मोकळा असता.

तपासायचं असेल तर उपाय सोपा आहे. दांडी वळवा. महिनाभर तुमचं डोकं एकाच बाजूला बघतंय.

आता पट्ट्यांबद्दल. मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते आणि कुलूप बघून मला भोवळ येत नाही. माझं दार संध्याकाळी सातला बंद व्हायचं. रडून, भांडून, खिडकीतून दोरी सोडूनही ते उघडलं नाही. मुली मला काय म्हणायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ते सकाळी सहाला उघडणार हे त्यांतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, आणि किल्ली कोणाच्या कमरेला आहे तेही. तुमच्या खोलीत घड्याळ नाही. पट्टे कुणी लावायला सांगितले, कशासाठी आणि निघणार कधी, हे बांधलेल्या माणसाला कुणी सांगत नाही. हे बंदोबस्तात बसत नाही. हे तर वस्तू माळ्यावर टाकून देणं झालं.

माणसं कमी आहेत हे मला समजतं. मग तसं लिहा. "भ्रम आहे म्हणून बांधलं" लिहू नका, "माणूस नाही म्हणून बांधलं" लिहा. मंडळाला ते वाचायला मिळू दे.

आणि त्याचे हात सोडा.

आपली,
रुग्णाची थोरली बहीण


९ जुलै

मा. महोदया,

आपले पत्र मिळाले. आपली भावना समजू शकतो.

दीर्घकाळ एकत्र राहणाऱ्या निकटच्या नातेवाइकास रुग्णाची समजूत खरी वाटू लागते, हे शास्त्रास ज्ञात आहे. आपणही साथीच्या काळात एकट्या आहात. झोप कशी लागते? आवश्यकता वाटल्यास दूरध्वनीवर आपली तपासणी विनामूल्य करू.

दांडीची दिशा हा उपचाराचा भाग असल्याने बदलता येत नाही. आपल्या विनंतीवरून पट्टे मात्र दिवसा काढण्यात येत आहेत. खोलीबाबत निर्णय मंडळानंतर. मंडळाची बैठक पडद्यावर होईल, आपणास दुवा पाठविण्यात येईल. बैठकीत नातेवाइकांनी विचारल्याशिवाय बोलू नये.

व्यक्तिशः एक सांगतो. मी वॉर्डात येत नाही याचा आपण उपहास केला. माझ्या घरी माझी आई आहे, नव्वदीची. मी आलो आणि काही घेऊन घरी गेलो, तर ती राहणार नाही. एवढेच.

आपला,
प्रमुख डॉक्टर


शनिवार, ११ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आज शनिवार. हे पत्र वाळून तुझ्याकडे येईल तेव्हा मंगळवार असेल. मंडळ सोमवारी, वीस तारखेला. त्यावरून पुढे मोजत राहा.

तुझ्या डॉक्टरांनी मलाही वेडी ठरवलं आहे, फुकट तपासणार आहेत. आपल्या घराण्यात इतका मान पूर्वी कुणाला मिळाला नव्हता. मात्र त्यांच्या आईची गोष्ट वाचून मी त्यांना लिहायला घेतलेलं दुसरं पत्र फाडलं. ते चांगलं उतरलं होतं.

तुझी वाक्यं देते. पाठ कर. "मला आजार आहे. मी गोळ्या घेतो. मला ताईकडे घरी जायचं आहे." तीनच. पुढे बघून बोलायचं. मी पडद्यावर समोरच असेन.

जेवत जा. पांघरूण घेत जा. मनगटांना तेल लाव.

तुझी,
ताई


बुधवार, २२ जुलै

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

तू "पांघरूण घेत जा" लिहिलंस तेव्हाच ओळखलं की कुणीतरी गेलंय. माझ्या बाबतीत तू इतकी मऊ कधी होत नाहीस. सिस्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं. त्यानंतर पोस्टमनकाकांना व्हरांड्यात घेऊन जायचं काम मी मागून घेतलं. परवापासून चालू आहे. दोन फेऱ्या, टपाल वाटून झालं, झोप.

आता सोमवारचं. तुझा निरोप मिळाला की तुला पडद्यावर फक्त माझं कपाळ आणि वरचा पंखा दिसत होता. मला तुझं अर्धं कपाळ आणि मागे आपलं फडताळ दिसत होतं. तेव्हा माझ्या बाजूने काय झालं ते ऐक.

शांत खोलीत नेट येत नाही, म्हणून मला बैठकीपुरतं वॉर्डात आणून खुर्चीवर बसवलं. समोर दांडी. तिच्यात पाच चौकटी: न्यायाधीश, बाहेरचे डॉक्टर, समाजसेविका, आपलं डोकं आणि तू. न्यायाधीश म्हणाले, "बोला, तुम्हाला काय वाटतं?"

ताई, शत्रू चाल करून येतोय. तेच. जीभ टाळ्याला चिकटली. तीनही वाक्यं मला उलटसुलट पाठ होती, मी ती झोपेत म्हणायचो, पण पाच जण माझ्याकडे बघत होते आणि एकही शब्द येईना. तेवढ्यात तू मागे सरकलीस आणि तुझं तोंड चौकटीत आलं. तू ओठ हलवत होतीस. भुवया वर, मान पुढे, "म-ला आ-जा-र." मला कॉपी पुरवू नको म्हणणारी बाई मंडळासमोर कॉपी पुरवत होती! आणि तुझा आवाज बंद होता. माइक लावायला विसरली होतीस तू.

मी तसाच बसलो. न्यायाधीश खाली बघून काहीतरी लिहायला लागले. आणि मागून, डाव्या बाजूने आवाज आला, "मला आजार आहे म्हण."

मी म्हणालो, "मला आजार आहे म्हण."

"अरे, 'म्हण' म्हणू नको!" हे भूमितीचे सर.

"मी गोळ्या घेतो," मी म्हणालो. मान माझी आपोआप डावीकडे गेली असणार, कारण आपलं डोकं लगेच उठून म्हणालं, "पाहिलंत? हेच ते लक्षण. आता यांनाही आवाज ऐकू येतोय." बाहेरचे डॉक्टर पुढे वाकले. मला वाटलं, संपलं. सहा महिने.

तेवढ्यात तुला माइकचं बटण सापडलं. "सिस्टर, दांडी वळवा!"

तो आवाज मी वसतिगृहाच्या जिन्यात ऐकलाय. सिस्टरांनी तो पहिल्यांदा ऐकला. त्यांनी विचार केलाच नाही, टॅब खाली वाकवला, दांडी धरली आणि गर्रकन फिरवली. चाक अडकलं, तर लाथ घातली. मंडळासमोर चादरींची गाडी आली. गाडीमागे सहा जण जमिनीवर मांडी घालून, मास्क लावून बसले होते. एकाच्या हातात जेवणाची थाळी तशीच.

न्यायाधीश म्हणाले, "हे कोण?"

पोस्टमनकाका उठून उभे राहिले, मास्क नीट केला आणि म्हणाले, "आवाज."

पुढचा बराच वेळ बाहेरचे डॉक्टर पडद्यावर नव्हते, खाली वाकले होते. समाजसेविकाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. आपलं डोकं मात्र हसलं नाही. त्या चौकटीत ते एकदम म्हातारं दिसायला लागलं. मला वाईट वाटलं गं. सहा जणांच्या सुया वाढवल्या होत्या त्यांनी, आणि खरोखर त्यांच्या काळजीपोटी वाढवल्या होत्या.

मग न्यायाधीशांनी दांडी परत माझ्याकडे वळवायला सांगितली. म्हणाले, "मागच्या मंडळींनी आता गप्प बसावं. तुमचं स्वतःचं काही आहे का?"

तू दिलेलं तिसरं वाक्य शिल्लक होतं. ते मी बोललो नाही. मी म्हणालो, "साहेब, बांधलं त्याचं काही नाही. पण वार कळत नव्हता. मला वाटायचं, ताईचं पत्र येऊन गेलं असेल आणि मी झोपेत होतो. किंवा वर्ष गेलं असेल आणि ती नसेलच. विचारायला कुणी नव्हतं."

कुणी पुरवलं नव्हतं, ताई. कुठून आलं ठाऊक नाही. तू तेव्हा चौकटीतून उठून गेलीस. नुसतं फडताळ दिसत होतं. गॅसवर काही ठेवलं होतंस का?

निकाल तुला कळलाच आहे. नाकाचा अहवाल आला की घरी. पट्टे बंद करा असं मंडळ म्हणालं नाही, तेवढी त्यांची छाती नाही. पण यापुढे कुणालाही बांधलं किंवा कोंडलं, तर कुणी, कशासाठी आणि कधी सोडणार ते लिहायचं आणि त्या माणसाला सांगायचं. सहा जणांच्या सुया कमी झाल्या. निबंध मागे घेतला म्हणतात.

येताना माझे बूट आण. इथल्या चपला दोन्ही डाव्या पायाच्या आहेत.

तुझा,
धाकटा


हस्तांतराची नोंद

हॉस्पिटलचं फाटक, ३० जुलै. नोंद करणारी: रुग्णाची थोरली बहीण. गॅसवर काही ठेवलेलं नव्हतं, हे आधी नोंदवते.

हॉस्पिटलकडून मला मिळालं: धाकटा भाऊ, एक. पूर्वीपेक्षा बारीक. खोकला गेलेला, बडबड शाबूत. दोन्ही मनगटांवर वळ. कागदावर "जुन्या खुणा" असं लिहिलं होतं, ते खोडून "पट्ट्यांच्या खुणा" लिहायला लावलं. खोडाखोड आज चालवून घेतली. चष्मा, एक काडी दोऱ्याने बांधलेली. फोन, बंद. माझी पत्रं, सगळी, चिमट्यांच्या खुणांसह. चपला दोन्ही डाव्या, त्या जागेवरच परत केल्या.

माझ्याकडून हॉस्पिटलला: भिंतीवरचं घड्याळ, वार दाखवणारं, सेलसह. शांत खोलीत पलंगावर पडल्या पडल्या दिसेल अशा जागी लावायचं. सिस्टरांनी लावलं आणि फोनवर मला दाखवलं. दोन बोटं तिरकं होतं. भूमितीच्या सरांनी सरळ केलं.

भावाकडून वॉर्डला: चादरींच्या गाडीमागची जागा, पोस्टमनकाकांच्या ताब्यात. व्हरांड्यातल्या फेऱ्या, सिस्टरांच्या ताब्यात. त्यांच्या मदतीला आजपासून आणखी एक सिस्टर आली आहे.

देणारे म्हणून सही करायला प्रमुख डॉक्टर स्वतः फाटकाशी आले. मानेखालीही ते आहेत असं दिसलं. आईची विचारपूस केली, बऱ्या आहेत म्हणाले. त्यांनी सही केली, तारीख लिहिली. वाराच्या रकान्याशी पेन थांबलं. मी काही बोलले नाही. भाऊही बोलला नाही. व्हरांड्याच्या जाळीआडून, त्यांच्या डाव्या बाजूने, आवाज आला. डॉक्टरांनी मान जराशी कलती केली आणि लिहिलं: गुरुवार.